सोसण्याची सवय आणि जुनं दुखणं

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी गंभीर जखमी जवानांना वेदनेबद्दल विचारलं. १९४६ साली त्यांनी नोंदवलं, की सुमारे तीन चतुर्थांश जवानांना वेदनाशामक नकोच होतं. रणांगणातून जिवंत सुटलो, या जाणिवेनं कळ बोथट झाली असावी, असा अर्थ त्यांनी लावला. अडचण सुरू होते ती निवृत्तीनंतर. मावळातल्या आपल्या गावी परतलेल्या माजी सैनिकाची कंबर वर्षानुवर्षं ठणकते, कापलेल्या पायाची नसलेली पोटरीही दुखते, आणि त्या दुखण्याला आता सुटकेचा अर्थ उरलेला नसतो. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं वैद्यकात जुनाट मानतात. त्यात मज्जारज्जू आणि मेंदूच अतिसंवेदनशील झालेले असू शकतात, त्यामुळे जखम भरली तरी कळ थांबत नाही. अशा वेळी दात आवळून सोसत राहिलं, की स्नायू ताठतात, झोप उडते, हालचाल आटते आणि दुखणं वाढतं. म्हणून माझं म्हणणं असं, की माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, सराव सैनिकाला आणखी सोसायला शिकवण्यासाठी नाही, सोसण्याची ती सवय सोडवण्यासाठी आहे. कळ नेमकी कुठे आहे, किती पसरते, कधी ओसरते हे पाहायचं. आणि ‘आता मी निकामी झालो’ हा तिच्यामागून येणारा विचार तिच्यापासून निराळा ओळखायचा.

‘म्हणजे दुखणं मनाचंच आहे म्हणायचं का?’ हा सैनिकाचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. नाही; दुखणं खरंच आहे, आणि मेंदू हाही शरीराचाच भाग आहे. दुसरा आक्षेप परिणामाबद्दलचा. अमेरिकेत जुनाट वेदना असलेल्या ८११ माजी सैनिकांवरचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. माइंडफुलनेसच्या आठ आठवड्यांच्या दूरस्थ प्रशिक्षणानंतर वर्षभरात, दुखण्यामुळे रोजच्या कामांत येणारा अडथळा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कमी झाला. पण दहा गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी फरक एका गुणाहूनही लहान होता. मला तरीही तो मोलाचा वाटतो, कारण त्यासाठी ना शस्त्रक्रिया लागते ना रोजची गोळी. मात्र याच्या आडून कुणाची शस्त्रक्रिया लांबवणं किंवा अपंगत्व निवृत्तिवेतनावर शंका घेणं हा अन्याय ठरेल. युद्धाच्या आठवणी छळत असतील, तर डोळे मिटून बसण्याची सक्तीही नको.

मावळाला हा विषय परका नाही. भाजे, कार्ले, बेडसे इथल्या लेण्यांत बौद्ध भिक्षू राहिले, आणि वेदनेकडे बारकाईनं पाहणं हा त्यांच्या परंपरेतल्या साधनेचाच भाग होता. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. त्याच गावात नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आणि खडकीला कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. इतकं सगळं हाताशी असताना मावळातल्या माजी सैनिकांसाठी मराठीतून साप्ताहिक वर्ग उभा करणं अवघड नाही. त्यात फिजिओथेरपिस्ट हवाच, आणि शिकवणाऱ्यांत दुखण्यासह जगणारा एखादा माजी सैनिकही असावा. खुर्चीत बसून किंवा आडवं होऊन सराव करायची मुभा हवी, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणी परस्पर बंद करू नये, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.