बापाचा पोळा

आपल्या वर्षात सगळ्यांसाठी दिवस नेमून दिलेले आहेत. नागाला पंचमी आहे. बैलाला पोळा आहे, आणि त्याच दिवशी पिठोरी अमावस्या, म्हणजे मायचाही दिवस. बहिणीला राखी आहे, भावाला भाऊबीज आहे. बापाचं काय? बाप मेला की पित्तरपाटात त्याच्या नावानं खीर-वडे होतात, आखाजीला घागर भरली जाते, कावळ्याला हाका मारल्या जातात. जिवंतपणी त्याच्या वाट्याला दिवस नाही. जन्मभर बैलामागं चालणारा माणूस पोळ्याच्या दिवशीही बैलच धूत असतो.

माझ्या नातीनं एकदा सांगितलं, जूनच्या तिसऱ्या रविवारी बापाचा दिवस असतो म्हणून. मोबाईलमधून वाचूनही दाखवलं. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात सोनोरा डॉड नावाच्या बाईनं १९१० साली तो सुरू करवला. तिची माय बाळंतपणात गेली आणि बापानं एकट्यानं सहा लेकरं वाढवली. दिवस परका असला तरी बाप आपल्यासारखाच निघाला. बाला सांगितलं तर तो म्हणाला, "बहात्तरच्या दुष्काळात त्याहीनं लाल मिलो देल्ली, आता दिवस देल्ला. घ्या."

तसा हा दिवस शेतकऱ्याच्या अडचणीचाच. सात जूनच्या सुमाराला मृग लागतो आणि पेरणीच्या धांदलीत कोणाला सवड नसते. पण त्या साली दोन सरी पडून पाऊस दडून बसला होता. बियाण्याच्या थैल्या ओसरीत पडून होत्या. म्हटलं, चला, दिवस करूच.

बाचा वाढदिवस कधी झालाच नाही. शाळेच्या दाखल्यावर त्याची तारीख १ जून आहे. आमच्याकडं अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचाच! जूनमध्ये शाळा उघडायची. पोराला नेऊन बसवलं की गुरुजी वर्ष अंदाजानं धरायचे आणि तीच तारीख लिहून टाकायचे. त्या हिशेबानं बा आज अठ्ठ्याऐंशीचा.

"काय पाह्यजे तुले?" मी विचारलं. कपडे नको, केक तर नकोच. म्हणाला, "मले शिनखेडले ने. पण मोटारसायकलवर. चारचाकीत काचाच्या आडून काई दिसत नाही."

मग निघालो. माझ्या जुन्या स्प्लेंडरवर बा आणि मी, मागच्या गाडीवर पोरगा आणि नात. हेल्मेट घालायला दिलं तर बा म्हणाला, "हा हंडा कायले?" पण घातलं. दुसरबीड सोडलं आणि त्यानं माझा खांदा घट्ट धरला. "हळू हान" एवढं एकदाच म्हणाला. समृद्धी महामार्गावरच्या गाड्या लांबून दिसल्या. तिकडून जाऊ म्हणाला. मी सांगितलं, तिथं दुचाकीला मनाई आहे. "मंग आपल्यासाठी नाही केला तो," म्हणाला, आणि हसला.

किनगाव राजा मागं पडलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा कडुलिंब आहे, तिथं त्यानं खांद्यावर थाप मारली. "थांब."

उतरून खोडाला हात लावून उभा राहिला. मग बोलला. "बहात्तर सालची गोठ. कडबा सरला होता. जोडी इकाले नेली ते याच रस्त्यानं, पायी. इथं आलो अन् ढवळ्या बसला. उठेच ना. म्या मारलं नाही त्याले. बाजूले बसून राह्यलो. मंग त्यो आपल्या मनानंच उठला. कळलं असन त्याले, घरी लेकरं हायेत म्हून."

तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. माय आणि बा दुष्काळी कामावर खडी फोडायचे, आम्हाला सुकडी मिळायची. बा एका रात्री खांद्यावर नुसती दावी टाकून आला, एवढं मला आठवतं. पुढच्या पोळ्याला गोठा रिकामा होता. बानं चिखलाची जोडी करून दिली आणि आम्ही भावंडांनी तीच मिरवली. कडुलिंबाची गोष्ट मात्र पन्नास वर्षांत त्यानं कधी काढली नव्हती. घरात बोलणं व्हायचं ते पेरणीचं, कर्जाचं, पोरीच्या लग्नाचं. हे बोलायला त्याला तो रस्ताच लागला.

सिंदखेडराजाला राजवाड्यात गेलो. पोरीनं पणजोबाला सांगितलं, जिजाऊचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा. बा म्हणाला, "राजाची लेक होती, लिहून ठेवलं." उंबऱ्याला हात लावून त्यानं तो कपाळाला लावला.

दुपारी शेतातल्या आंब्याखाली सगळं घर जमलं. गोवऱ्या मी आणि पोरानं पेटवल्या. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. पित्तरपाटात कावळा शिवला की बाप जेवला असं आपण समजून घेतो. इथं बाप समोर बसून "आनखी एक वाढ, अन् तूप कायले राखून ठेवतं?" म्हणत होता.

चार दिवसांनी पाऊस आला आणि आम्ही तिफणीला लागलो. पण त्या कडुलिंबापाशी आता माझा पोरगाही गाडी हळू करतो.