सहा जण आले आणि तो बाहेर आला

बाहेर आला! तीन आठवडे फिल्टरच्या मागे तोंड लपवून बसलेला माझा हनी गौरामी आज संध्याकाळी पावणेसातला बाहेर आला आणि तेव्हापासून मी टाकीसमोर स्टूल टाकून बसले आहे. भाचा आतून ओरडतोय, ‘मावशी, आमटी लागतेय!’ लागू दे.

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची अडीच फुटी, 80 लिटरची टाकी माझ्या गळ्यात पडली. तोवर माझ्या लेखी मासे म्हणजे रंग. दुकानात गेले, बोट दाखवलं, पिशव्या घेऊन आले: दोन गोल्डफिश, दोन टायगर बार्ब, एक हनी गौरामी. ‘एकत्र चालतील ना?’ विचारलं, तर दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, सगळं चालतं.’

काही चालत नाही! गौरामीच्या पोटाखाली दोन लांब धागे असतात. ते त्याचे परच, पण त्यांनी तो समोरची वस्तू चाचपतो, चवसुद्धा घेतो. चौथ्या दिवशी बघते तर दोन्ही धागे अर्ध्यावर कुरतडलेले. टायगर बार्ब! हा मासा आठ-दहांच्या टोळक्यात असला तर आपापसात भांडण्यात गुंग राहतो. दोनच आणले की त्याच्याकडे दुसऱ्यांचे पर सोडून उद्योग उरत नाही. म्हणजे कमी आणले म्हणून त्रास वाढला. कोणाच्या डोक्यात येईल हे? आणि गोल्डफिश बिचारे थंड पाण्याचे, 18 ते 22 अंशांत खूश. माझा हीटर 26 वर. बार्ब दुकानात परत, गोल्डफिश खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे, त्यांच्या बिनहीटरच्या मोठ्या टाकीत.

मग मात्र मला वेडच लागलं. रात्री दीड-दीडपर्यंत वाचत बसायची. गरम पाण्याचे मासे हा एक गट नाहीच मुळी! निऑन टेट्राला 25 च्या आतलं पाणी बरं, डिस्कसला 28 च्या वर हवं; एकाला सोयीचं केलं की दुसऱ्याचं बिनसलंच. पण थेट निऑनसारखाच दिसणारा, पोटाखाली शेपटीपासून पार पुढपर्यंत लाल असलेला कार्डिनल टेट्रा ब्राझीलच्या रिओ नेग्रोतला, त्याला ती ऊब चालते. गप्पीला जड पाणी, निऑनला हलकं. एंजलफिश दिसायला संथ, देखणा, पण मोठा झाला की छोटे निऑन गिळतो. दोघं अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातलेच, तरी त्याला काही शेजारधर्म नाही.

सगळ्यात जिवाला लागलं ते मिस केरळाचं. लाल-काळ्या पट्ट्यांचा हा मासा आपल्या पश्चिम घाटातला, केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या ओढ्यानद्यांचा. 2013 साली त्याच्या प्रजातीगटाला नावच ‘सह्याद्रिया’ दिलं. मला वाटलं, हा तर घरचाच! पण त्याला हवं थंड, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी, आणि वाढतो वीतभर. निसर्गात तो धोक्यात आहे, हे तर आणखीनच. राहिला.

मग मला (माझ्या मते) गुरुकिल्ली सापडली. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने गंगेतल्या माशांवर 1822 साली एक पुस्तक लिहिलं. त्यात हनी गौरामीची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा आहे आणि झेब्रा डॅनिओचीही! एका पुस्तकातले शेजारी, आणखी काय पत्रिका बघायची? आणले सहा डॅनिओ. अहो, ते पोहतात कुठले, सुसाट सुटतात! या काचेपासून त्या काचेपर्यंत, दिवसभर, लोकल पकडायची असल्यासारखे. गौरामी आणखी आत सरकला. डॅनिओंनाही खरं तर थोडं गारच पाणी आवडतं. तेही वहिनींकडे गेले. वहिनी आता मी पिशवी घेऊन दारात दिसले की हसतात.

परवा शेवटचं म्हणून सहा हार्लेक्विन रासबोरा आणले. मलेशिया-सुमात्राकडचे, झाडांच्या सावलीतल्या संथ ओहोळांतले. तांबूस अंग, मागच्या अर्ध्यावर काळा त्रिकोण. (नवे मासे आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचे असतात. मी ठेवले नाहीत, मुलगा ओरडणार आहे.) पहिला दिवस तेच कोपऱ्यात. आज दुपारपासून मधल्या पाण्यात, सगळ्यांची तोंडं एकीकडे, सावकाश फिरायला लागले. आणि पावणेसातला फिल्टरमागून एक पिवळं नाक!

कारण कळल्यावर तर मी टाळीच वाजवली. बुजऱ्या माशाला उघड्यावर यायची भीती असते. पण छोटे मासे बिनघोर फिरताना दिसले की त्याला कळतं, वर बगळा नाही, मागे कोणी टपलेला नाही. अशांना डिदर फिश म्हणतात, भाच्याने सांगितलं. मी तीन आठवडे ‘कोण याला चावणार नाही’ एवढंच शोधत होते, आणि याला हवे होते धीर देणारे!

आता तळ रिकामा आहे. तिथे कोरीडोरास हवेत, सहा तरी, आणि पाणी 26 अंश म्हणून त्यातला स्टर्बाय. ठिपक्यांचा पेपर्ड गारव्यातला. हे मासे मध्येच सुर्रकन वर येऊन हवेचा घोट घेतात आणि ती आतड्यातून शोषतात. आणि डोळा मिचकावल्यासारखी बुबुळं फिरवतात! मासा डोळा मारतो, आणि मला पंचावन्नाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितलं नाही.

थांबा, थांबा. धागे पुन्हा वाढलेत त्याचे, आत्ता दिसलं. डावा जरा आखूड आहे. थर्मामीटरपाशी गेलाय, तो धागा पुढे करून काच चाचपतोय, वरून खाली, परत वर.

26 आहे रे बाबा, बघितलंय मी.