सरवा

तक्रार एका ओळीची होती. सोयाबीन कापताना हेडर उजव्या बाजूने सारखा वर-खाली होतो. मशीन अमेरिकेतल्या इलिनॉयमधलं आणि मी पुण्यात, एसीत. लॉग उघडला. हेडर पूर्ण उचलल्यावर उजव्या सेन्सरचं व्होल्टेज हवं तेवढं, जमिनीवर टेकवल्यावरही हवं तेवढं. कॅलिब्रेशन पास. सिम्युलेटरवर तर सगळं लोण्यासारखं चाललं. 'पुन्हा घडवून पाहता आलं नाही' असं लिहून मी तिकीट बंद केलं आणि चहाला गेलो.

हेडर म्हणजे कंबाइन हार्वेस्टरच्या तोंडाशी असलेला कापणीचा आडवा भाग. पंजाबातून आपल्याकडे येतात त्या मशीनचा साधारण चौदा फुटांचा असतो, हा चाळीस फुटी होता. चाळीस फूट रुंदीत रान कुठेच सपाट नसतं. आणि सोयाबीनची सगळ्यात खालची शेंग असते जमिनीपासून तीन-चार बोटांवर. पातं जरा वर गेलं की शेंग बुडख्यालाच राहते, जरा खाली गेलं की माती आणि दगड आत. म्हणून हेडरखाली दोन्ही टोकांना वाकडे दांडे जमिनीला घासत जातात. उंचवटा आला की दांडा वर ढकलला जातो, त्याला जोडलेला सेन्सर फिरतो, व्होल्टेज बदलतं, कंट्रोलर हायड्रॉलिक व्हॉल्व्ह उघडतो आणि हेडर उचलला जातो. मशीन ताशी सात किलोमीटरने चालतं, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन मीटर. त्या घाईत निर्णय घेणाऱ्या कोडचा काही भाग माझा.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने मला फील्ड टेस्टिंगला पाठवलं. यादीतलं तिसरं शेत पाहिलं आणि पोटात गोळा आला. तेच मशीन.

मालक सत्तरीतला. पहिल्याच फेरीत म्हणाला, "मागचा अख्खा हंगाम मी याच्यावर काढला," आणि उजव्या हाताचा अंगठा दाखवला. ऑटोमॅटिक बंद करून, दिवसाचे बारा-बारा तास, जॉयस्टिकच्या बटणावर. मी मान हलवली. ते तिकीट मी बंद केलं होतं, हे काही बोललो नाही.

मला येतं ते मी केलं. लॅपटॉप जोडला, सेन्सिटिव्हिटी कमी केली. हेडरचं नाचणं थांबलं. खरं सांगतो, छाती फुगली होती माझी. म्हातारा काही न बोलता खाली उतरला, तारेची एक फूट बाय एक फूट चौकट कापलेल्या रानात टाकली आणि गुडघ्यावर बसून दाणे मोजायला लागला. चौकटीत चार दाणे सांडले म्हणजे एकरी एक बुशेल गेलं, असा तिकडचा हिशोब. एक बुशेल सोयाबीन म्हणजे सत्तावीस किलो. पाच ठिकाणी मोजून सरासरी निघाली सोळा. हेडर नाचत नव्हता, कारण तो आता जागाच होत नव्हता. खोलगटात पातं वरून जात होतं आणि बुडख्यांना शेंगा तशाच.

मला आमचं औशाकडचं रान आठवलं. कापणी झाली की आजी टोपलं घेऊन सरवा वेचायला निघायची. एकेक शेंग. बायकांच्या मागे तिचा घोषा, "बुडापासून कापा गं." पुढे मजूर मिळेनात, परतीचा पाऊस डोक्यावर, मग आप्पांनी हार्वेस्टर बोलावला. आप्पा त्याच्या मागे चालत होते, खाली बघत. "लवकर होतंय," म्हणाले, "पण खालच्या शेंगा ठेवतंय." त्या मशीनला सेन्सर नव्हताच, सगळं ड्रायव्हरच्या हातात. इथे सेन्सर होता, मी होतो, तरी तेच.

म्हाताऱ्याने हेडर उचलला, इंजिन बंद केलं, सिलिंडरवर सेफ्टी लॉक पाडला. त्याशिवाय मला खाली वाकू दिलं नाही. मग चावी फक्त वीज येईल इतकी फिरवली आणि उजवा दांडा हाताने हलवला. दांडा बोटभर हलला. माझ्या स्क्रीनवरचा आकडा ढिम्म. आणखी ढकलल्यावर तो हलला. उलट ढकलला, पुन्हा बोटभर काहीच नाही.

जोडणीतला बुश झिजला होता. टोकाला दांडा पूर्ण ताणला जातो तेव्हा ढिलाई उरत नाही, म्हणून दोन्ही टोकांचं व्होल्टेज बरोबर. कॅलिब्रेशन फक्त टोकं विचारतं. मधे मात्र दर वेळी दिशा बदलली की सेन्सर उशिरा बोलायचा, तोवर कंट्रोलरने हेडर जास्त उचललेला असायचा, मग जास्त पाडलेला. इंजिनिअरिंगला बॅकलॅश हा विषय शिकलोय, पेपरातही लिहिलाय. पण माझ्या सिम्युलेटरमधला दांडा कधी झिजतच नाही.

शेडमधून नवा बुश आणला, बसवला. सेन्सिटिव्हिटी मी होती तिथे परत नेली, कॅलिब्रेशन पुन्हा केलं. संध्याकाळी चौकटीत पाच दाणे.

रात्री आठला आप्पांना व्हिडिओ कॉल केला, तिकडे सकाळचे साडेसहा. ते बनीम झाकत होते. सगळं सांगितलं, तिकिटाचंही.

"त्याला सांगितलंस का?"

"नाही."

आप्पा ताडपत्रीची दोरी ओढत राहिले. "त्याचं एक साल गेलं रे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दव सुकेपर्यंत कापणी सुरू होत नाही. म्हातारा डाव्या बाजूचा दांडा तपासत होता. मी शेजारी बसलो आणि सांगितलं, मागच्या वर्षीची तुमची तक्रार मीच बंद केली होती, न बघता.

त्याने हात थांबवला नाही. "काय लिहिलं होतंस?"

"पुन्हा घडवून पाहता आलं नाही."

"हं." त्याने डावा दांडा हलवला. इथेही थोडी ढिलाई होती. "हे लिहून घे," म्हणाला आणि पान्यासाठी हात पुढे केला.