गुरगुरणं बंद करू नका

‘कुत्र्यांच्या स्वभावावर सोपं काहीतरी लिहा,’ असं संपादकांनी सांगितलं. लिहायला बसले आणि गेल्या दिवाळीतला तो सोनेरी कॉकर स्पॅनियल डोळ्यांसमोर आला.

विजापूर रोडवरच्या एका घरातला, चार वर्षांचा, सगळ्यांचा लाडका. घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला तो कडकडून चावला. मुलाला लस सुरू झाली होती. वडील माझ्याकडे आले ते कुत्र्याला कायमचं झोपवायचं इंजेक्शन मागायलाच. “मॅडम, लाल कॉकर वेडे होतात म्हणे. याचंही डोकं फिरलंय.”

हा समज मी वर्षानुवर्षं खोडत आलेय. केंब्रिजच्या पोडबेर्सेक आणि सर्पेल यांनी इंग्लिश कॉकरच्या मालकांकडून माहिती गोळा केली आणि 1996 साली निष्कर्ष मांडले. एकरंगी कॉकर दुरंगींपेक्षा जास्त आक्रमक आढळले, हे खरं. पण तो अनेक कुत्र्यांमध्ये दिसलेला कल. त्यावरून टेबलावर उभ्या असलेल्या एका कुत्र्याचं निदान होत नाही. कारण नसताना अचानक होणारा हल्ला, ज्याला लोक ‘कॉकरचा झटका’ म्हणतात, तो फार दुर्मिळ. फिटच्या आजाराशी त्याचा संबंध असावा, असं काही तज्ज्ञ मानतात. माझ्याकडे ‘झटका’ म्हणून आणलेल्या बहुतेक कुत्र्यांना कुठेतरी दुखत होतं, नाहीतर कुणीतरी त्यांच्या तोंडातली वस्तू हिसकावली होती.

लोक लांब कान बघून पिल्लू आणतात, जात समजून घेत नाहीत. आपल्याकडचा कारवान नजरेने सावज हेरतो आणि एकटा लांबवर पळतो. स्पॅनियल घडवला तो झुडपातला पक्षी वासावरून उठवायला, तेही बंदुकीच्या टप्प्यात राहून. म्हणून थोडं पुढे गेला की तो वळून माणसाकडे बघतो. माणसाच्या चेहऱ्याकडे एवढं लक्ष असलेलं जनावर ओरडल्याने शिकत नाही, मिटून जातं. वस्तू सोडायला शिकवायची तर सराव खेळण्यावर करा. खेळणं सोडलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा, आणि खेळणंही परत. सोडण्यात तोटा नाही, हे त्याला कळलं पाहिजे.

त्या कॉकरला भूल देऊन मी कान तपासला. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग आत वळते. त्या वळणापलीकडे, पडद्याला टेकून कुसळ होतं. दसऱ्यानंतर आपल्या माळावरचं कुसळी गवत वाळतं. कुसळाच्या टोकाचे केस उलटे असतात, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. मुलाने लाडाने तोच कान धरला होता.

“पण तो आधी गुरगुरला का नाही?” वडिलांनी विचारलं.

गुरगुरला होता. आठ दिवस आधी त्यांनीच मला फोन केला होता, जवळ गेलं की गुरगुरतो म्हणून. दवाखान्यात गर्दी होती. “आवाज चढवा, ऐकेल,” असं मी सांगून टाकलं. त्यांनी तेच केलं. गुरगुरणं थांबलं, कान मात्र दुखतच राहिला.

मुलाची जखम भरली. कुत्रा त्याच घरात आहे. मुलगा आता त्याला हाक मारतो आणि तो आपणहून आला तरच हात लावतो.

मला मात्र तो फोन विसरता येत नाही. आता कुत्रा गुरगुरतो म्हणून कुणी फोन केला, की दवाखान्यात कितीही गर्दी असो, मी आधी विचारते, “कुठे हात लावल्यावर?”