पिशवीतली चिठ्ठी

आमच्या हट्ट्यात कापूस म्हणजे वातींचा, नाहीतर गादीचा. शिवारात सगळं धानच धान. लग्न होऊन आले तेव्हा पऱ्हाटी म्हणजे काय, हे जाऊबाईंना मला समजावून सांगावं लागलं होतं. माझं माहेर आर्वीकडचं, काळ्या जमिनीचं. वाती वळताना अजूनही एखादी चुकार सरकी बोटाला लागली की मला १९८१ सालची वेचणी आठवते, आणि थोडी लाज वाटते.

त्या वर्षी बाबांनी अर्धा एकर वावर कापसाच्या चाचणीला दिलं होतं. संशोधन केंद्राचे साहेब मोटरसायकलवर यायचे. वाण सहा, पण नाव एकालाही नाही, नुसते नंबर. नाव आधी कळलं की बघणाऱ्याचं मन झुकतं म्हणे. (स्थळं बघतानाही असं करता आलं असतं तर!) वावराचे चार भाग केले आणि प्रत्येक भागात सहाही वाण लावले, तेही चिठ्ठ्या टाकून जागा ठरवून. आजी म्हणाली, "एकेका वाणाला एकेक सरळ पट्टा द्यावा की! हा काय खेळ मांडलाय?" साहेबांनी तिला तिचंच वावर दाखवलं. विहिरीकडची माती खोल, पलीकडची मुरमाड. चांगल्या मातीत पडेल तो वाण जिंकेल, मग गुण मातीचा की बियाण्याचा? आजीला ते लगेच पटलं. तीसुद्धा बियाण्यासाठी बोंडं ठेवायची ती मधल्या झाडांची. धुऱ्यावरच्या झाडाला मोकळी जागा मिळते, त्याचं काय कौतुक!

आजीचं बियाणं कायम घरचं. सरकी शेणकाल्यात घोळायची, सुकवायची आणि पेरायची. पण देशी कापसाचा धागा आखूड. लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाशी त्याचं सहज जुळत नाही, कारण देशीची गुणसूत्रं २६ आणि अमेरिकनची ५२. मग १९७० मध्ये सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी हायब्रीड-४ काढला, प्रत्यक्ष लागवडीत आलेला जगातला पहिला संकरित कापूस. त्याचं बियाणं तयार करायचं तर उद्या उमलणाऱ्या कळीतले परागकोश आज संध्याकाळी नखानं काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग तिला लावायचे. एकेका फुलाला, हातानं. हे काम बहुतेक बायका-मुलीच करतात. पाकिटावर तसं कुठं लिहिलेलं नसतं. आणि त्या पिकाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तसं पीक येत नाही. बियाणं दरवर्षी विकत आणायचं. आजीचं बियाण्याचं मडकं तेव्हापासून रिकामंच होतं.

आमच्या चाचणीतले नंबर मात्र सरळ वाण होते, सरकी घरी ठेवता येईल असे. त्यातल्या चार नंबरवर आजीचा डोळा होता. पहिल्या वेच्यात तो चारही भागांत पुढं होता.

माझं काम चिठ्ठ्यांचं. दर वेच्याला चोवीस पिशव्या. दुसऱ्या वेच्याला संध्याकाळी आभाळ भरून आलं, सगळ्यांची घाई झाली. बंडीत टाकताना दोन पिशव्यांची तोंडं सुटली, मीच सैल बांधली होती. चार नंबरचा आणि पाच नंबरचा कापूस एकात एक झाला. दोन्ही पांढरेच! मी इकडं-तिकडं पाहिलं, अंदाजानं निम्मा-निम्मा भरला आणि चिठ्ठ्या बांधल्या. काट्यावर दोन्ही जवळजवळ सारखे भरले. "चार नंबर घसरला की," बाबा म्हणाले. आजी काही बोलली नाही. आकडा वहीत मीच लिहिला, चांगल्या अक्षरात.

पुढच्या भादव्यात दशलक्षण संपून क्षमावाणी आली. घरोघर हात जोडताना 'कळत-नकळत' म्हणायची वेळ आली आणि माझी जीभ अडली. माझं नकळत कुठं होतं? रात्री बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. कंदिलाजवळ बसून त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं, आणि सकाळी ते पेटीत टाकायला मलाच पाठवलं.

काही दिवसांनी साहेब आले. म्हणाले, "ते दोन आकडे खोडले. हरवलेल्या आकड्याची सोय आमच्या गणितात असते, खोट्याची नसते." बाकीचे तीन भाग शाबूत होते, एवढ्यावर निभावलं.

चिठ्ठ्यांचं काम आता दादाकडं जाईल असं मला वाटलं होतं. पण त्या वर्षीच्या वेचणीलाही बाबांनी कागद-पेन्सिल माझ्याच हातात दिली. फक्त प्रत्येक पिशवीला दोन चिठ्ठ्या लिहायला लावल्या. एक बाहेर बांधायची, एक आत कापसात टाकायची.