कोपराची उंची

चाकणजवळच्या ज्या कारखान्यात मी प्रोसेस इंजिनिअर म्हणून रुजू झाले, तिथं गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनत. कलत्या बोर्डावरच्या काट्यांमध्ये रंगीत तारा अंथरायच्या, टोकांना कनेक्टर बसवायचे आणि मग सगळ्या जुडीला टेप गुंडाळायची. काम जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या हातात, आणि तेही उभ्यानं. माझ्याकडे पहिला विषय आला तो रिजेक्शनचा. शिफ्टच्या शेवटच्या दोन-अडीच तासांत अर्धवट बसलेले कनेक्टर आणि सैल टेप वाढायची. ऑफिसात याचं कारण ठरून गेलं होतं: सुटायची वेळ आली की बायकांचं लक्ष घराकडे लागतं.

मला ते पटेना, म्हणून मी लाईनवर जाऊन उभी राहिले. लक्ष कुणाचंच ढळत नव्हतं, पण खांदे वर चढलेले होते. वरच्या ओळीतला कनेक्टर गाठायला बुटक्या बायका टाचा उचलत होत्या. कनेक्टरचे बिन मात्र टेबलाखाली ठेवलेले, त्यामुळे दर हार्नेसला वाकणं आलंच. चहाच्या सुट्टीत बीडकडच्या एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, खांदा तर सगळ्यांचाच दुखतोय. पण आजवर कुणी विचारलंच नाही, तर सांगावं कुणाला?" मग एकेक जण बोलू लागली. कुणाच्या बोटांना रात्री मुंग्या येत, कुणाला सकाळी मनगट भरल्यामुळे भाकरी थापता येत नसे.

या बायकांनी आपल्यापुरता उपाय कधीच शोधून काढला होता. तुटक्या पॅलेटच्या फळ्या त्या पायाखाली घेत. ऑडिट आलं की त्या फळ्या गोळा करून मागच्या शेडमध्ये टाकल्या जात, कारण कागदोपत्री तो अडखळून पडण्याचा धोका होता. धोका खराच होता. पण फळी का लागते, हा प्रश्न एकाही ऑडिटच्या तक्त्यात नव्हता. मला ती फळी तक्रारअर्जासारखी वाटली.

उभ्यानं करायच्या कामाची उंची ठरवताना माप घ्यायचं ते कोपराचं. हलकं हातकाम कोपराच्या थोडं खाली असावं, बारीक नजरेचं काम थोडं वर आणि जोर लावायचं काम बरंच खाली. आपल्याकडच्या स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे उभं राहिल्यावर तिचं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येतं. आमच्या बोर्डाची खालची कडाच १०५ सेंटिमीटरवर होती. बोर्डाचं ड्रॉइंग परदेशी भागीदाराकडून आलेलं, आणि ते जसंच्या तसं इथं उभं केलेलं. हात वर नुसता धरून ठेवला, तरी खांद्याचा स्नायू आकसलेलाच राहतो. आकसलेल्या स्नायूत रक्त पुरेसं खेळत नाही, म्हणून काहीही वजन न उचलता हात जड होतो. सहाव्या तासाला कनेक्टर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायला बोटांत जोर उरत नसे. रिजेक्शन तिथून येत होतं.

हे मी मांडलं तेव्हा मीटिंगमध्ये एक साहेब म्हणाले की या बायका घरीही राबतात, दुखणं तिथलं आहे. या युक्तिवादाचा मला आजही राग येतो. घरी पाणी भरून, डबे करून, रिक्षात दाटीवाटीनं बसून बाई कामावर येते हे खरंच आहे. पण त्यामुळे कारखान्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. थकलेल्या खांद्यावर आणखी चुकीचा भार टाकायचा हक्क कुणाला मिळत नाही.

दुसरी सूचना आली की सगळ्यांची सरासरी काढा आणि तेवढ्या उंचीवर बोर्ड बसवून टाका. ऐकायला ती रास्त वाटते. पण १९५२ साली अमेरिकी हवाई दलातले संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची दहा मापं सरासरीशी ताडून पाहिली होती. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा वैमानिक एकही निघाला नाही. पुढं विमानातली आसनं मागं-पुढं सरकणारी झाली, त्यामागं ही समज होती. आपल्याकडेही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये देबकुमार चक्रबर्ती यांचं भारतीय देहमापांचं पुस्तक काढलं, आणि मी तेच टेबलावर ठेवलं. हात कुठवर पोचायला हवा हे सर्वांत बुटक्या व्यक्तीवरून ठरवायचं आणि डोकं कुठं आपटू नये हे सर्वांत उंच व्यक्तीवरून. बोर्डाची उंची मात्र बदलता यायला हवी.

भोसरीच्या एका फॅब्रिकेटरनं चौकोनी पाइपात पाइप सरकवून, भोकं पाडून, पिन घालून असे पाय बनवून दिले. त्यात मोटर नाही की महागडा जॅक नाही. पहिल्या बोर्डाची उंची मी ठरवली नाही. मावशींना उभं केलं आणि त्या म्हणतील तिथं पिन घातली. बोर्डाचा कलही त्यांच्याच सांगण्यावरून बदलला, म्हणजे वरची ओळ जवळ आली. बिन टेबलाखालून काढून हाताच्या टप्प्यात, कलते लावले. हे काही मी शोधून काढलेलं नव्हतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रँक गिलब्रेथ यांनी अमेरिकेत गवंड्यांसाठी हेच केलं होतं. विटा जमिनीवरून उचलायच्या ऐवजी सरकत्या परांचीवर कमरेच्या उंचीला ठेवल्या, आणि एक वीट बसवायच्या अठरा हालचाली साडेचारवर आणल्या.

टेपिंगवर खरा उपाय मात्र निघाला नाही. मनगट वळवल्याशिवाय टेप गुंडाळली जात नाही, आणि मनगट सतत वाकतं तेव्हा आतल्या नसेवर दाब येतो. आम्ही दोन-दोन तासांनी जागा बदलायचं ठरवलं. लाईन लीडरांनी विरोध केला, वेग उतरेल म्हणाल्या. सुरुवातीला तो उतरलाही, मग सावरला. शेवटच्या तासांतल्या चुका बऱ्याच कमी झाल्या, फळ्या आपोआप नाहीशा झाल्या. तासाचं टार्गेट मात्र मला बदलून घेता आलं नाही. हाताला सर्वांत जास्त त्रास होत असलेल्या एका ताईनं त्याआधीच काम सोडलं होतं. तिच्यासाठी हे सगळं उशिरा झालं.

बसण्याचा मुद्दा सर्वांत शेवटी मार्गी लागला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ४४ वं कलम होतं: उभ्यानं काम करणाऱ्यांना मध्ये विसावा मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून बसण्याची सोय हवी. कायदा इतका जुना, तरी आमच्या लाईनवर स्टूल नव्हते. ते आणायला लागलेला खर्च एका दिवसाच्या रिजेक्शनहून कमी होता.

तुमच्या हाताखाली कुणी उभ्यानं काम करत असेल, मग तो कारखाना असो, मेसचं स्वयंपाकघर असो की कापडाचं दुकान, तर त्यांच्या पायाखाली काय आहे ते एकदा पाहा. फळी, वीट, खोकं, घडी केलेलं पोतं असं काही दिसलं तर उचलून फेकायच्या आधी मोजपट्टी आणा, त्यांच्या कोपराची उंची घ्या, आणि कुठं दुखतं ते त्यांनाच विचारा.