पिंपळपानाचा साचा



14 एप्रिल किंवा बुद्ध पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या वस्तीतून एक फेरी मारून पाहावी. रात्री मिरवणुकीत डौलाने फडकणाऱ्या पताका रस्त्याच्या कडेला, गटाराच्या जाळीवर, झाडूने लोटलेल्या ढिगात पडलेल्या असतात. काहींवर बाबासाहेबांचा चेहरा असतो, काहींवर तथागतांचा. झाडणारी बाई बहुतेक वेळा आपल्याच समाजातली असते. आमच्या पाचजणींतली एक सफाईच्या कामावर आहे. ती सांगते, की त्या दिवशी पाळी निम्मीसुद्धा उरकत नाही. आधी वाकून चेहरे वेचायचे, मग झाडायचे.

आम्ही पाचजणी एका चाळीत राहतो आणि फावल्या वेळात कागदाची कार्डे, पताका, आकाशकंदील करतो. त्यातून एकीच्या मुलाची कॉलेजची फी निघते, दुसरीच्या घरचा गॅस येतो. फार मोठा धंदा नव्हे. पण मुंबईसारख्या शहरात हे काम आपल्या बायकांना जमण्याजोगे आहे, आणि त्यात काही गोष्टी पैशापलीकडच्या आहेत, म्हणून हे लिहीत आहोत.

सुरुवात एका लग्नपत्रिकेपासून झाली. आमच्यातल्या थोरलीच्या लेकीचे 2023 साली लग्न ठरले. पत्रिका पाहायला आम्ही गिरगावात खाडिलकर रोडला गेलो. तिथे ओळीने पत्रिकांचीच दुकाने आहेत. कागद एकाहून एक सुंदर. सोनेरी, मखमली, घडीवर घडी उलगडणारे. पण आमच्या बजेटातली जी पत्रिका उचलावी तिच्या तोंडावर गणपतीच्या आकाराची खिडकी कापलेली. आतल्या पानाचा सोनेरी रंग त्या खिडकीतून दिसतो, म्हणजे गणपती सोनेरी दिसतो. आम्ही म्हणालो, आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला हे चालत नाही. दुकानातला माणूस वाईट नव्हता. त्याने खणातून भगवान बुद्धाचे गोल स्टिकर काढले आणि म्हणाला, यावर चिकटवून देतो, कोणाला कळणारसुद्धा नाही. त्याने एक चिकटवूनही दाखवला. स्टिकरच्या खालून सोंडेचे टोक बाहेर आलेले दिसत होते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली तिसरी गौरी-गणपतीविषयीचीच आहे. दुसऱ्याच्या देवाचा अनादर करावा असे आम्हाला वाटत नाही. ज्यांचा आहे त्यांच्या पत्रिकेवर तो शोभतो. पण आपल्या लेकीच्या मंगल परिणयाला त्याच्यावर बुद्ध चिकटवून घ्यायचा, यात दोघांचाही मान राहत नाही. थोरली न बोलता दुकानाच्या पायऱ्या उतरली. लग्नाला दोन महिने होते आणि वेगळा साचा करून घ्यायचा तर दुकानदार हजार पत्रिकांच्या खाली बोलत नव्हता. आम्हाला हव्या होत्या 250.

यंत्र त्याआधीच आमच्याकडे आलेले होते. आमच्यातली एक ज्या इमारतीत घरकाम करते तिथल्या एका बाईंनी 2020 च्या टाळेबंदीत हौसेने घरगुती डाय-कटिंगचे यंत्र घेतले होते. हौस फिटली आणि 2022 साली ते माळ्यावर जाण्याच्या बेतात होते. बाई म्हणाल्या, असेच घेऊन जा. आम्ही पाचजणींनी वर्गणी काढली आणि पैसे देऊन घेतले. फुकट आणलेल्या वस्तूवर पुढे कोणीही हक्क सांगतो, हे चाळीत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

यंत्र म्हणजे काय, तर रसवंतीचा चरक लहान करून टेबलावर ठेवावा तसे. दोन पोलादी रूळ, बाजूला एक हँडल. विजेचे काम नाही. खाली एक जाड पाटी, तिच्यावर प्लास्टिकची पारदर्शक पाटी, तिच्यावर कागद, कागदावर डाय उपडी, वर पुन्हा पारदर्शक पाटी. हा सगळा थर रुळांच्या तोंडाशी धरून हँडल फिरवायचे. तो आत ओढला जातो, करकर आवाज होतो आणि पलीकडून आकार कापून बाहेर येतो. डायच्या कडेला पात्याची धार असते आणि दाबाने ती कागदातून पार जाते. पारदर्शक पाटीवर प्रत्येक वेळी धारेचे ओरखडे पडतात. एकाच बाजूने वापरली तर ती पापडासारखी वाकते, म्हणून दर खेपेस उलटावी. मध्येच कुठे कागद सुटत नसेल तर त्या जागी साध्या कागदाचा एक तुकडा वर ठेवावा, तेवढ्या भरीने दाब पुरतो.

यंत्राबरोबर बाईंच्या डायही आल्या. नाताळचे झाड, शिंगांचे हरीण, बदाम आणि बर्फाची सहा पाकळ्यांची चांदणी. डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांना आम्ही झाडे आणि चांदण्या कापून देतो, त्यांना आवडतात. चांदणी निळ्या कागदावर कापली तर लांबून चक्रासारखी दिसते, म्हणून एका मंडळाने मागितली होती. आम्ही दिली नाही. सहा आऱ्यांचे चक्र आपले नव्हे.

तर पत्रिकेसाठी पिंपळपानाच्या आकाराची खिडकी हवी होती. बोधिवृक्षाचे पान. बाजारात तशी तयार डाय आम्हाला मिळाली नाही, करूनच घ्यावी लागणार होती. इथे आमच्यातल्या एकीच्या मिस्टरांविषयी लिहिणे भाग आहे.

ते पंधरा वर्षे एका पंचिंगच्या कारखान्यात होते. खोक्यांचे पुठ्ठे आणि पत्रिकांचे कागद कापणारे मोठे यंत्र असते. त्याचे दोन जबडे उघडतात आणि मिटतात. उघडले की हाताने कागद आत ठेवायचा, मिटून उघडले की कापलेला काढायचा आणि त्याच क्षणी नवा ठेवायचा. दिवसभर हेच. हाताला आड येणारी सुरक्षेची दांडी असते, पण तिच्यामुळे कामाचा वेग कमी होतो म्हणून मालकाने ती काढून ठेवली होती. एका संध्याकाळी जबड्यात उजव्या हाताची दोन बोटे गेली. 1923 च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखाली तेव्हा दावा करता येत होता. पण हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते, आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिले ते सोबती दुसऱ्या दिवशी काहीच पाहिले नाही म्हणाले. मालकाने दवाखान्याचे बिल भरले आणि वर थोडी रक्कम हातावर ठेवली. आता ते एका इमारतीत रखवालदार आहेत.

आमचे छोटे यंत्र घरात आले तेव्हा ते महिनाभर त्या खोलीत बसत नव्हते. करकर ऐकू आली की चप्पल घालून बाहेर. बायको म्हणायची, अहो, यात बोट जातच नाही, रुळांमधली फट बघा. ते म्हणायचे, फट सगळ्यांनाच लहान दिसते.

पिंपळपानाच्या वेळी मात्र ते स्वतः आले. आम्ही कागदावर पान काढले होते. त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल धरून आमचे चित्र दुरुस्त केले. पिंपळपानाला शेवटी लांब शेपटासारखे टोक असते. ते जसेच्या तसे ठेवले तर पाते इतक्या अरुंद जागेत वळत नाही आणि वळलेच तर कागद तिथे फाटतो. टोक थोडे आखूड आणि रुंद करायचे, दोन्ही बाजूंची पाती टोकाशी वेगवेगळी येऊन भेटतील असे ठेवायचे. पात्याच्या धारेला दोन ठिकाणी बारीक खाच पाडून घ्यायची. तेवढ्या जागी कागद कापला जात नाही, त्यामुळे कापलेला तुकडा सुटून इकडेतिकडे पडत नाही, नंतर बोटाने सावकाश काढता येतो. आणि प्रेसच्या डायमध्ये पाते 23.8 मिलिमीटर उंचीचे असते, ते आमच्या रुळांमध्ये शिरणारच नाही, तर डायवाल्याला कमी उंचीचे पाते शोधायला सांगा. हे सगळे त्यांनी एका दमात सांगितले. पंधरा वर्षांत त्यांना हे कोणी विचारले नव्हते.

त्यांच्याच ओळखीच्या डायवाल्याने लाकडात खाच कापून पाते बसवून दिले, भोवती कागद ढकलून काढणारा रबरी फोमही लावला. 250 पत्रिका आम्ही अकरा रात्रींत कापल्या. मोत्याच्या चमकीचा पांढरा कागद, पानाची खिडकी आणि खिडकीतून आतल्या पानावरचे तथागत दिसतात. वर वधूवरांच्या आयांची नावे आधी, वडिलांची नंतर. मुहूर्त नाही, फक्त वेळ. लग्नात पाहुण्यांनी पत्रिका जपून पर्समध्ये ठेवलेल्या आम्ही पाहिल्या. त्यानंतर ऑर्डरी येऊ लागल्या.

ज्या भगिनींना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी कागदाचा हिशेब सांगतो. 20 बाय 30 इंचांचा ताव घ्यावा. 5 बाय 7 चे घडीचे कार्ड उघडे 10 बाय 7 होते, म्हणजे एका तावात आठ कार्डे बसतात आणि दोन इंच रुंदीची वीस इंच लांब पट्टी उरते. ती टाकू नये, तिच्यात छोटी पाने निघतात. कार्डाला 220 ते 300 जीएसएमचा कागद चांगला. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घालावी, आडवी घातली तर ती फुटल्यासारखी दिसते. दिशा ओळखायला ताव हलकेच दोन्हीकडून वाकवून पाहावा, ज्या बाजूने सहज वाकेल ती दिशा. कागद आम्ही अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणतो, दोन दुकाने फिरल्याशिवाय घेत नाही. पताकांना पतंगाचा कागद घेतो. पाते जाड असेल तर त्याचे आठ थर एकदम कापले जातात. पण या कागदाचा रंग सुटतो. बुद्ध पौर्णिमेला कडक ऊन असते, प्रश्न येत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला तर विहारातल्या पांढऱ्या साड्यांवर निळे थेंब पडतात. एका वर्षी पडले. म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रंग न सुटणारा जाड कागद वापरतो, महाग पडतो तरी.

2018 साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. त्यामुळेही कागदाला दिवस आले असे म्हणायला हरकत नाही. बुद्ध पौर्णिमेला आम्ही आठ बाजूंचा आकाशकंदील करतो. श्रीलंकेत वेसाकला घरोघरी कंदील लावतात, त्यांतला बांबूच्या कामट्यांचा आठ बाजूंचा प्रकार जुना आहे. आमच्या कंदिलाच्या प्रत्येक बाजूला एक पान कापलेले असते. कागद निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. म्हणजे 1885 साली कोलंबोत प्रथम फडकलेल्या ध्वजाचेच रंग. आत बल्ब लावला की भिंतीवर पानांचे कवडसे पडतात. चाळीतली पोरे ते हाताने धरायला धावतात.

आता चेहऱ्यांचा प्रश्न. 2024 च्या जयंतीला मंडळाच्या मुलांनी बाबासाहेबांच्या चेहऱ्याच्या 500 पताका मागितल्या. तोवरची आमची ती सर्वात मोठी ऑर्डर. पैशांची गरज होती आणि एकीची फीची तारीख जवळ आली होती. आम्ही रात्रभर बोललो. शेवटी मुलांना सांगितले, चेहरा कापून देणार नाही. पान देऊ, चक्र देऊ, पुस्तक आणि पेन देऊ. एक मुलगा चिडून म्हणाला, बाबासाहेबांचा चेहरा लपवता काय तुम्ही? त्याला आमच्यातल्या सफाईवाल्या मावशीने विचारले, पंधरा तारखेला पहाटे पाच वाजता येशील का माझ्याबरोबर? तो काही आला नाही. ऑर्डर दुसरीकडे गेली. फी उसनवारी करून भरली.

यावर आमचे एकमत आहे असे मात्र नाही. पाचांतली एक अजून म्हणते, की ज्यांचा फोटो लावायला एके काळी आपल्या लोकांना धाडस करावे लागे, त्यांचा चेहरा रस्त्यावर दिसलाच पाहिजे, वेचायचे काम मंडळाने करावे. तिचेही खोटे नाही. तसे वेचणारे मंडळ भेटले तर पुन्हा बसून बोलू. 6 डिसेंबरसाठी मात्र कोणी सजावट मागितली तर आम्ही पाचहीजणी नाही म्हणतो. त्या दिवशी चैत्यभूमीला माणूस दर्शनाला येतो. पुस्तकात ठेवायच्या पांढऱ्या खुणा तेवढ्या करतो, कारण तिथून लोक पुस्तके घेऊन जातात.

सध्या 24 आऱ्यांच्या अशोकचक्राची खटपट चालू आहे. 24 आरे म्हणजे दर 15 अंशांना एक. तीन इंचांच्या वर्तुळात इतके पाते वळवणे शक्य नाही, असे मिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले. त्याला पातळ पोलादी पत्र्याची, आम्लाने कोरून काढलेली डाय लागते. आयटीआयला जाणाऱ्या शेजारच्या मुलीने कॉम्प्युटरवर चित्र काढून दिले आहे, डायवाल्याने भाव सांगितला आहे, निम्मे पैसे जमले आहेत. अशा डायमधून एका वेळी एकच कागद कापला जातो आणि आऱ्यांमधले चोवीस तुकडे सुईने टोचून काढावे लागतात. ते काम दोन बोटे नसलेल्या हातालाही जमते, असे मिस्टरांनी स्वतःच करून दाखवले. निळा कागद, 250 जीएसएमचा, आणून पलंगाखाली ठेवला आहे. वर्षावास संपायच्या आत पहिली शंभर कापायची आहेत.